धाकटीचा कॅम आणि तांदळाची उकड

एकदा एक गृहस्थ भर उन्हात गाडी ढकलत आमच्या दारात आले. गाडी जुनी, टू-स्ट्रोक, टाकी आरशासारखी पुसलेली. मालकांना म्हणाले, "चांगला रेसिंगचा कॅम बसवून द्या."

मालकांनी सांगितलं, "साहेब, ह्या जातीच्या इंजिनाला कॅमच नसतो."

"म्हणूनच तर आलो," ते म्हणाले. "बसवा ना. खर्चाचं टेन्शन घेऊ नका."

मी आत प्लायवुडच्या आडोशामागे होते. तोंडात पदर धरून हसले. मालकांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, कागदावर आकृती काढून समजावलं. जाताना ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे स्टॉक नाही, असं सरळ सांगा ना."

मालक म्हणजे माझे यजमान, बाळाराम. ते पूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर होते. कारखाना बंद पडला, मशीन भंगारात निघालं, ते त्यांनी घणसोली गावातल्या आमच्या घरी आणलं. सासरे ज्या खोलीत भाताची कणगी ठेवायचे, तिथे ते बसवलं. वरच्या मजल्यांवर भाडेकरू. खाली आम्ही जुन्या बुलेटचे झिजलेले कॅम नवे करून देतो आणि ज्याला गाडी पळवायची असेल त्याला वेगळ्या आकाराचा कॅम घासून देतो.

कॅम म्हणजे काय, तर मी दाराचं उदाहरण देते. बुलेटच्या इंजिनाला दोन दारं असतात. एकातून पेट्रोल मिसळलेली हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. ही दारं म्हणजे वॉल्व. ती उघडायचं काम कॅम करतो. अंड्याच्या आकाराचा पोलादी तुकडा, फिरताना त्याचं टोक वर आलं की दांडी वर ढकलली जाते आणि दार उघडतं. अंडं किती टोकदार, किती फुगीर, त्यावर दार किती उघडणार आणि किती वेळ उघडं राहणार ते ठरतं. दार जास्त वेळ उघडं राहिलं की वेगात इंजिनाचं पोट भरतं, गाडी सुसाट जाते. पण हळू चालताना त्याच दारातून आत आलेली हवा मागे फिरते. मग गाडी सिग्नलला खोकते, थरथरते, बंद पडते. दोन्ही सुखं एका कॅमात मिळत नाहीत. आमचं गिऱ्हाईक नेमकी दोन्ही मागायला येतं.

आमच्याकडे तीन आकारांचे कॅम होतात. कागदावर त्यांचे आकडे आहेत, पण मला आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून मी त्यांना माझ्या तीन नणंदांची नावं दिली. थोरली, मधली, धाकटी. थोरली शांत. एका किकमध्ये उठते, डुगडुग करत जाते, कुणाला ओरडत नाही. मधली जरा ठसक्याची. धाकटी सकाळी लवकर उठत नाही, सिग्नलला कुरकुर करते, पण एकदा उठली की मागून कुणी धरू शकत नाही. हळूहळू गिऱ्हाइकंसुद्धा "धाकटी लावा" म्हणू लागली. खरी धाकटी नणंद भाऊबिजेला आली तेव्हा दारात एक दाढीवाला पोरगा मालकांना म्हणाला, "तुमची धाकटी लई भारी आहे, पण तेल फार खाते." नणंद आत येऊन मला म्हणाली, "वयनी, मला मशीनवर घासलीस काय?"

घासणं मालकांचं. घासलेला कॅम दगडाने आणि मग कापडाने गुळगुळीत करणं, वॉल्व बसवणं आणि शेवटची पिठाची परीक्षा, हे माझं. आणि कुणाला कुठला कॅम द्यायचा हेही निम्मं माझं. पण मला माणसांसमोर बोलता येत नाही. जासईच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, तेव्हाही हजेरीला माझ्या वतीने शेजारची मुलगी "हजर" म्हणायची. त्यामुळे आमची रीत अशी पडली की मालक बाहेर गिऱ्हाइकाला विचारायचे, गाडी कुठे फिरवता, किक कोण मारतं, मागे कोण बसतं. मी आडोशामागून ऐकायचे आणि टेबलाच्या लोखंडी वाइसवर, म्हणजे पकडीवर, पाना ठोकायचे. एक ठोका थोरली, दोन मधली, तीन धाकटी.

मी चुकायचेही. उलव्याचे एक निवृत्त मास्तर आले होते. आवाज कापरा, मोजून मापून बोलणं. मी एकच ठोका मारला. पुढच्या आठवड्यात ते परत आले ते तणतणत. "मी म्हातारा वाटलो म्हणून बैलगाडी करून दिलीत काय? मला घाटात शर्यत लावायचीय!" त्यांना धाकटी दिली. अजून पळवतात.

आता पिठाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. वॉल्व जास्त खाली उघडला की तो वर येणाऱ्या पिस्टनच्या जवळ जातो. दोघं एकमेकांवर आपटले तर वॉल्व वाकतो, इंजिन जागच्या जागी अडकतं आणि मागचं चाक धरलं जातं. पळत्या गाडीचं चाक धरलं तर वर बसलेल्यांचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून पिस्टनच्या डोक्यावर मऊ काहीतरी थापायचं, इंजिन बंद करून हाताने फिरवायचं, पुन्हा उघडायचं. वॉल्वचा ठसा उमटलेला असतो. ठशाची सगळ्यात पातळ जागा सुरीने कापून जाडी बघायची. तेवढंच दोघांमधलं अंतर. जुन्या रुपयाच्या नाण्याहून जाड असेल तर गाडी सोडायची, नाहीतर नाही. लोक त्यासाठी मुलांची खेळायची माती वापरतात. आमच्या उन्हाळ्यात ती चिकट होते. मी तांदळाची उकड घेते, भाकरीला मळतो तशी, तेलाचा हात लावून. तिच्यावर ठसा पडला की पडला. कापलेली चकती त्या इंजिनाच्या नावाने फळीवर ठेवायची, ही माझी सवय.

इम्तियाज हा एपीएमसी बाजारात फळांचा व्यापार करणारा, उरणकडचा. गाडी त्याच्या अब्बांची, हिरव्या टाकीची. अब्बा गेल्यावर कित्येक दिवस ती अंगणात ताडपत्रीखाली होती. त्याने ती बाहेर काढली, कारण मामाच्या मुलाचं लग्न श्रीवर्धनकडे होतं आणि आईला त्याच गाडीवरून न्यायचं त्याच्या मनात होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती अब्बांच्या मागे त्याच गाडीवर बसून आली होती.

"मागे अम्मा बसणार," तो म्हणाला. मी लगेच एक ठोका दिला.

"थोरली," मालक म्हणाले.

"दादा, थोरली काय? वडखळच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो. मामाची पोरं नवीन गाड्या घेऊन येणार. अब्बांची गाडी मागे राहिली तर कसं दिसेल?"

मी पुन्हा एकच ठोका दिला, जरा जोरात.

त्यानंतर भावाच्या मुलाची हळद होती म्हणून मी जासईला गेले. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. आवाजाने डोकं उठलं, पण निघता येईना. त्या गर्दीतही मनात तेच घोळत होतं, गाडी द्यायचा दिवस जवळ आलाय, पिठाची परीक्षा मी परत गेल्यावरच होईल ना?

परतीची बस सकाळची होती. जासई फाट्यावर कंटेनरच्या ट्रेलरांनी रस्ता अडवला होता. बस थांबली. समोरच्या बाजूला, ट्रेलरच्या पलीकडे, एक बुलेट थांबलेली ऐकू आली. दिसली नाही. ती खोकत होती, अडखळत होती, चालवणारा हँडलचा कान पिळून पिळून तिला जागी ठेवत होता. मग रस्ता सुटला आणि ती जी ओरडत उरणच्या दिशेने गेली, माझ्या शेजारची बाई म्हणाली, "मराया चाललेत." मी मनात म्हटलं, कुणाची तरी धाकटी. आणि मग नवी मुंबईत धाकटी अशी कितीजणांकडे आहे ते आठवू लागले. घरी पोचेपर्यंत बसच्या सीटवर नीट टेकले नाही.

घरी आले, पिशवी ठेवली. मशीनजवळची हिरवी टाकी नव्हती.

"नेली?"

"मघाशीच," मालक म्हणाले. "जाम खूश होता."

"थोरली ना?"

मालक पंख्याकडे बघत म्हणाले, "लई मागं लागला. ठोकायला तू कुठं होतीस?"

मी फळीकडे गेले. चकती होती. माझ्या सवयीप्रमाणे त्यांनी नीट ठेवली होती. जाडीही नाण्याहून बरी होती. पण रंग पांढरा नव्हता. पिवळसर, मध्ये कोंड्याचे ठिपके.

"हे कशाचं पीठ?"

"वरच्या सातारकरणीकडून गोळा घेतला. तांदळाचा डबा मला कुठं सापडतोय?"

"ही कणीक आहे."

"पीठ ते पीठ. दाबलं, कापलं, नान्याहून जाड आलं. बस."

"कणीक दाबली तरी परत वर येते."

"काय इडली हाय का वर यायला?"

मी त्यांना फोन लावायला सांगितलं. इम्तियाज उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा नाही. मालक म्हणाले, गाडीवर असेल, थांबला की बघेल. मी म्हटलं, कसा थांबेल? त्यानंतर मालकही खुर्चीवर बसले नाहीत. मी दारापर्यंत जायचे, गल्लीत बघायचे, परत मशीनपर्यंत यायचे. गल्लीत बघून काय होणार होतं? गाडी तिकडे खाडीपल्याड. पण पाय एका जागी ठरेनात. ती चकती मी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. कणकेने किती उसळी खाल्ली असेल? खरं अंतर किती असेल? नखाएवढं? की तेवढंही नाही?

मग मालकांना आठवलं की मागे एकदा इम्तियाजची बॅटरी संपली तेव्हा त्याने आईच्या फोनवरून फोन केला होता. तो नंबर शोधून लावला. पलीकडे बाईचा आवाज आल्याबरोबर त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "बाईमानूस हाय. तूच बोल."

"कोन?" पलीकडून.

माझ्या तोंडातून शब्द निघेना.

"कोन बाय? बोल ना."

"घणसोलीवरून. गाडीवाल्या बाळारामांची बायको."

"अगो हां! आलाय तो. बाहेर बॅगा बांधतोय."

मी मशीनला धरून उभी राहिले. आलाय, एवढंच ऐकलं.

"चाची, त्याला गाडी चालू करू देऊ नका."

"का गो?"

वॉल्व, पिस्टन, अंतर, सगळं एकदम घशाशी आलं आणि काहीच बाहेर पडेना. शेवटी जे पडलं ते असं: "चाची, मापाला उकड घ्यायची होती. कणीक घेतली."

"कसलं माप?"

"इंजिनात दोन भाग एकमेकांना लागू नयेत म्हणून पिठावर ठसा घेतो. ठसा जाड आला तर गाडी ठीक."

"आणि ठसा कणकेवर घेतला?"

"हो."

मग चाची म्हणाल्या, "अगो बाय, कणीक तर परत फुगते."

"तेच ना, चाची."

एवढ्यावर त्यांना सगळं कळलं. मालकांना माझं बोलणं अजून पटलेलं नव्हतं.

"इम्तियाज! इकडं ये. बॅग सोड. मी बसत नाय गाडीवर."

"अम्मा, उशीर होतोय!"

"ह्या बाईशी बोल."

त्याने फोन घेतला. "वहिनी? तुम्ही? पहिल्यांदाच आवाज ऐकला तुमचा."

"गाडी पळवू नका," मी म्हटलं.

"अहो, मस्त चालतेय! फाट्याच्या पुढे जरा कान पिळला तर काय सुटली! थोडी टिकटिक आली मध्ये, पण नवीन कॅम आहे, बसेल."

टिकटिक म्हणजे वॉल्व पिस्टनला लागत होता. "बसणार नाही. टेम्पोत घाला. घेऊन या."

"टेम्पोत? लग्नाला चाललोय वहिनी. अब्बांची गाडी गावात टेम्पोतून उतरवू? परत आलो की दाखवतो ना."

त्याने फोन कुठेतरी ठेवला, बहुतेक ओट्यावर, पण बंद केला नाही. मालकांनी कान जवळ आणला. आम्ही दोघं एका फोनला चिकटून ऐकत राहिलो.

"थांब इथंच," चाचींचा आवाज. पावलं आत गेली, परत आली. "सकाळच्या चपात्यांचा गोळा उरलाय. हे बघ. अंगठा दाबला. आता बघत ऱ्हा."

"अम्मा, काय चाललंय? लोक बघतायत."

"बघू दे. तूही बघ."

मग काहीच ऐकू येईना. एक कावळा ओरडला. लांब ट्रेलरचा हॉर्न वाजला.

"आला वर?"

"थोडासा."

"थोडासा. आणि तुझ्या इंजिनात जागा किती हाय? अंगणाएवढी? थोडीशीच ना? ती ह्या थोड्याशानं खाल्ली."

"पण मी आलो ना नीट इथपर्यंत."

"एकटा आलास तो अल्लानं सांभाळला. आता दोघं बसून त्याला कशाला त्रास द्यायचा?"

मालकांनी कान बाजूला घेतला आणि चष्मा काढून तेलाच्या फडक्याने पुसू लागले. तो जास्तच मळला. तसाच डोळ्यांवर चढवला.

दुपारी टेम्पो आला. पुढच्या सीटवर चाची बसल्या होत्या, लग्नाची साडी नेसून, मांडीवर बॅग. इम्तियाज मागे गाडी धरून उभा. मी इंजिनाचं डोकं उघडलं. पिस्टनवर काजळीचा पातळ थर बसला होता आणि त्यात एक चकाकती कोर होती, नखाने ओढल्यासारखी. वॉल्व तिथे लागला होता. अजून थोडा वेग, अजून थोडा उतार, आणि कोरेवर भागलं नसतं. इम्तियाजने त्यावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला. वॉल्व काढून फिरवून बघितला, वाकलेला नव्हता.

चाचींनी बॅग खाली ठेवली. "कुठली ती धाकटी? दाखवा."

मालकांनी तिन्ही कॅम टेबलावर मांडले. चाचींनी एकेक हातात घेतला, मासे पारखावेत तसा उलटसुलट केला. "ही टोकदार, ती धाकटी?"

"हो."

"आणि ही थोरली. हीच बसवा."

"अम्मा, थोरलीने चढावर काही मजा नाही," इम्तियाज म्हणाला. "वहिनी, निदान मधली?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी आडोशाच्या बाहेर होते, तरी हात आपोआप वाइसकडे गेला. मी पाना एकदा ठोकला.

चाची दचकल्या. "हे काय?"

"थोरली म्हनते ती," मालकांनी सांगितलं.

"मग तोंडानं का नाय म्हनत?" चाचींनी माझ्या हातातला पाना काढून टेबलावर ठेवला. "तोंडानं म्हनायचं, बाय. ठोकलेलं ह्या लोकांना सोयीचं असतं तेव्हाच ऐकू येतं."

मालक मशीनकडे वळले.

"थोरली," मी म्हटलं.

"गाडी माझी आहे ना पण," इम्तियाज हळूच म्हणाला.

"गाडी तुझ्या अब्बांची. मागची सीट माझी." चाची खुर्चीवर बसल्या. "बसवा. मी हाय इथंच."

थोरलीचा जोड, दोन दारांचे दोन कॅम, तयार होताच. बसवला. मी उकड काढली, ठसा घेतला, चकती कापली. चाचींनी ती स्वतः हातात घेऊन दाबून बघितली आणि मान हलवली. इम्तियाजने किक मारली, गाडी एका किकमध्ये उठली आणि डुगडुगू लागली. चाची जरा वेळ नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "असाच आवाज होता." पदर कमरेला खोचला आणि मागे बसल्या. गल्लीच्या वळणावर इम्तियाजच्या खांद्यावर त्यांचा हात होता. मामाच्या पोरांच्या गाड्या पुढे गेल्या की मागे राहिल्या, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या दिवशी अंधार पडून त्यांचा पोचल्याचा फोन येईपर्यंत मी काय रांधलं, कुणाला वाढलं, काही आठवत नाही.

दर वर्षी भातकापणी झाली की इम्तियाज एक पिशवी आणून देतो. नव्या तांदळाचं पीठ, वस्त्रगाळ. निरोप ठरलेला असतो: "अम्मा म्हणतात, हे इंजिनासाठी आहे. खायचं नाही." मालक दर वर्षी म्हणतात, एक भाकरी तरी कर. मी करत नाही.

आडोसा अजून आहे, पण आता मी त्याच्या अलीकडे बसते. बोलणं काही फार सुधारलं नाही. एक वाक्य म्हणायचं तर आधी मनात तयार करावं लागतं, तोवर गिऱ्हाईक पुढच्या विषयावर गेलेलं असतं. तरी म्हणते. ते ऐकतातच असं नाही.

आज सकाळीच ऐरोलीचा एक मुलगा धाकटी लावून गेला. लोणावळ्याला मित्रांबरोबर चाललाय. मी तोंडाने सांगितलं होतं, मधली घ्या. तो हसला, म्हणाला, "काकी, तुम्ही काळजी करू नका." ठसा मी स्वतः घेतला, चाचींच्या पिठाचा. चकती फळीवर आहे, पांढरी, नाण्याहून जाड. बघून झाली, मालकांना दाखवून झाली. तरी रस्त्यावरून कुठलीही बुलेट गेली की हातातलं काम थांबतं. मालक म्हणतात, "बस की जरा. पोचला की करेल फोन."

उकडीचा उरलेला गोळा वाटीत आहे, ओल्या फडक्याखाली. फडकं बाजूला करते, अंगठा दाबते आणि बघत राहते. खळगा तसाच राहतो. फडकं झाकते, दारापर्यंत जाऊन येते. पुन्हा दाबते.